आधी काय खाल्ला?

आमच्या जवळच्या पाड्यावरच्या आजीकडे कुणी पोटदुखी घेऊन जातं, कुणी लागलेली नजर, कुणी रुसून गेलेला जावई. तिचा पहिला प्रश्न ठरलेला, ‘‘सकाळधरनं काय खाल्ला?’’

मी पहिल्यांदा गेलो तो घसा खाजवत. बोईसरला नोकरीवर नुकताच रुजू झालो होतो. पहिल्या पावसात बाजारात बायका शेवळांच्या जुड्या घेऊन बसल्या होत्या. विकणारीने जुडीवर मूठभर आंबट काकडं ठेवली, ती मी ‘फुकटचं नको’ म्हणून बाणेदारपणे परत केली. रात्री पहिल्या घासालाच जिभेवर काथ्या घासल्यासारखं झालं. शेजारी एमआयडीसीत तिन्ही पाळ्यांत रसायनं हाताळणारा माणूस. त्याने तत्काळ निदान केलं, ‘‘हे बाहेरचं आहे,’’ आणि मला आजीपुढे नेऊन बसवलं.

आजी खोकला येईस्तोवर हसली. ‘‘शेवळा खाल्लास नि काकडा नाय टाकलास?’’ मग चिंचेचं पाणी पाजलं. एवढ्यावर शेजाऱ्याचं समाधान होईना, म्हणून मीठ, मोहरी, मिरच्या माझ्यावरून तीनदा ओवाळून चुलीत टाकल्या. ठसका लागला तसा शेजारी प्रसन्न झाला.

‘‘आजी, मिरची कशाला?’’ मी पुढे कधीतरी विचारलं.

‘‘चिंच तुझ्या घशाला, मिरची त्याच्या जीवाला.’’

इथून तारापूरचं अणुऊर्जा केंद्र फार लांब नाही. 1969 पासून तिथे अणू फुटतोय. आजीच्या चुलीत मोहरी फुटते. आत नेमकं काय चालतं ते दोन्हीकडे बाहेरच्याला कळत नाही, म्हणून दोन्हींबद्दल लोक आवाज खाली आणून बोलतात.

आजीच्या झोपडीत बसून बसून मला एक गोष्ट उमगली. इकडची भुतं भाताच्या हंगामावर चालतात. आवणी उरकते, कणगीचा तळ दिसू लागतो आणि श्रावणात पाडाभर भुतं धरू लागतात. कुणाला चक्कर, कुणाला अंगात थरथर. आजी डोळे मिटते, पुटपुटते आणि उतारा म्हणून टाकळ्याची भाजी, नागलीची भाकरी, असलंच तर चिमूटभर सुकट समोर ठेवते. ‘‘भुताला नाय, तूच खा. भूत तुझ्या पोटातच हाय.’’ दिवाळीच्या सुमाराला नवा भात घरात येतो आणि भुतं आपसूक निघून जातात. पाठोपाठ माणसंही निघतात, वीटभट्ट्यांवर. आजी, दोन कोंबड्या आणि कुणाकुणाची नातवंडं मागे उरतात.

हेच ज्ञान भगताकडे असतं, तो सुपात तांदूळ घेऊन देवाला कौल लावतो, आणि त्याला मान मिळतो. पुरुषाला कळलं तर भगत. बाईला कळलं तर भुताळी. एका पावसाळ्यात एकाचं वासरू मेलं. त्याने पाडाभर सांगितलं, म्हातारीने खाल्लं. करणी करते असं म्हणून कुणाला छळणं 2013 च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे, हे मी आजीला समजावलं. तिने शांतपणे ऐकलं. ‘‘कायद्याला सांग, मला दात नाय. वासरू कशी खाणार?’’

हसलो, पण त्या दोन रात्री ती दाराला आतून मुसळ लावून झोपली, हे मला नातवाकडून कळलं.

आठवड्याने तोच वासरूवाला बायकोच्या खांद्यावर हात टाकून कण्हत आला. आजीने मान वर केली नाही.

‘‘सकाळधरनं काय खाल्ला?’’

‘‘काय नाय.’’

‘‘काल?’’

तो गप्प. तिने कढत पेज त्याच्यापुढे सरकवली आणि डोळे मिटून मंत्र सुरू केला. आज मी मुद्दाम जवळ सरकलो. इतकी वर्षं हा मंत्र ऐकायला लोक श्वास रोखत आले. ओठांतून हळूहळू शब्द वेगळे झाले: ‘‘खालच्या घरची एक कोंबडी… पाटलाकडनं दोन पायली भात… विहिरीवालीची सुकट, तीही अर्धीच…’’

उधारी! उभ्या पाड्याची उधारी ती पाठ करत होती. शेवटी एक डोळा किलकिला करून तिने वासरूवाल्याकडे पाहिलं आणि मंत्राला नवी ओळ जोडली, ‘‘नि हेची एक वाटी पेज.’’

तो थरथरला. पेज मात्र त्याने संपवली, आणि आणखी मागितली.