चिठ्ठीची चिकित्सा

दांडा ‘पार्क’वर दिसत असताना आणि इंजिन चालू ठेवून चालक खाली उतरला असताना मोटार आपण होऊन मागे धावते, अशा तक्रारी फोर्ड कंपनीच्या १९६६ ते १९८० या काळातील स्वयंचलित गिअरच्या गाड्यांविषयी साचत गेल्या, तेव्हा अमेरिकेच्या परिवहन खात्याने १९८० च्या अखेरीस कंपनीशी जो तह केला, त्याची दूरदृष्टी केवळ वंदनीय होय. सुमारे २ कोटी ३० लाख गाड्या परत बोलावून यंत्र दुरुस्त करण्याचा ग्राम्य उपाय न योजता, मालकांस इशाऱ्याची एकेक चिठ्ठी टपालाने धाडावी व त्यांनी ती स्वहस्ते गाडीत चिकटवावी, असा बंदोबस्त मुक्रर झाला.

जुनी मोटार विकत घेणाऱ्याचे निदानकार्य यामुळे किती सुलभ झाले! गाडीखाली शिरून दांड्याच्या जोडणीची झीज पाहणे, खिटी दातेरी चक्रात पुरती अडकली की दांडा ‘पार्क’ आणि ‘रिव्हर्स’ यांच्या सरहद्दीवर अधांतरी राहिला याची उतारावर खातरजमा करणे, हे तैलमय सोपस्कार आता निरर्थक. चिठ्ठी शाबूत असेल तर गाडी निर्दोष समजावी. हेच तत्त्व तडा गेलेल्या धरणांस लागू केल्यास सिमेंटचीही केवढी बचत होईल!

इतके करूनही गाडी मागे सरलीच, तर गिअरबॉक्सवर किटाळ न आणता प्रथम गोंदाची प्रत तपासावी. गोंद उत्तम निघाल्यास, गाडीच्या मागे उभ्या असलेल्या इसमाने आतील मजकूर वेळीच वाचला नाही, ही कसूर त्याचीच धरावी.