दारातलं भोक आणि दोन फुटी भिंत

नॉरिच,
मंगळवार, रात्री साडेदहा

ती. बाबांस,


तुमचं पत्र काल दारातल्या भोकातून आत पडलं. पाठोपाठ वाराही आला, त्याला तिकीट लागत नाही. इथे टपालासाठी दारालाच आडवी फट ठेवतात आणि तिच्यावर एक पत्र्याचं झाकण. रात्री ते खडखडतं. नवीन होतो तेव्हा हे दोनदा लाटणं घेऊन खाली गेले होते. आता मी त्यात आईच्या जुन्या लुगड्याचा बोळा कोंबते आणि पोस्टमन रोज पत्रासकट तो बोळा आत ढकलतो.

तुम्ही विचारलंत, "पक्कं विटांचं घर, मग एवढं कुडकुडायला काय झालं?" घर व्हिक्टोरिया राणीच्या काळातलं, भिंत नऊ इंची, भरीव. नंतरच्या काळातल्या घरांना दोन पदरी भिंती असतात, मधल्या पोकळीत लोकर भरता येते. आमच्या भिंतीला पोकळीच नाही, भरणार कुठे? माळ्यावर 270 मिलिमीटर जाडीची लोकर असावी असं सांगतात, आमच्याकडे जेमतेम चार बोटं आहे. सकाळी काचांवरून पाणी ओघळतं. मी ते फडक्याने टिपून पिळते, फुलपात्रभर निघतं. विरजण बॉयलरच्या कपाटात ठेवते, चिन्याच्या स्वेटरात गुंडाळून. दही छान लागतं, चिन्याला मात्र सर्दी झालीय.

इथे घरांचीही परीक्षा असते, बरं का. ए ते जी अशा श्रेणी, आणि प्रमाणपत्र दहा वर्षं चालतं. एप्रिल 2020 पासून ईच्या खालचं घर खास सवलतीशिवाय भाड्याने ठेवता येत नाही. ठेवलं तर कौन्सिल, म्हणजे तुमच्या भाषेत नगरपालिका, पाच हजार पौंडांपर्यंत दंड करू शकते. आमच्या घराला ई मिळालंय. घरमालकाकडे कुरकुर केली तर म्हणाला, "ई म्हणजे एक्सलंट!" काठावर पास झालेल्या पोराच्या बापानेही इतक्या तोऱ्यात पेढे वाटले नसते. पासाची रेघ सीपर्यंत वर न्यायची बोलणी कित्येक वर्षं चालली आहेत. 2023 मध्ये सरकारने ती गुंडाळली आणि पुढे पुन्हा बाहेर काढली. तुम्हाला हे नवीन नाही, तुमची अर्धी नोकरी अशाच फायली सांभाळण्यात गेली.

पण बाबा, रविवारी आम्ही गोल्डस्मिथ स्ट्रीट बघायला गेलो. याच शहराच्या कौन्सिलने बांधलेली घरं, सुमारे शंभर, भाडेकरूंसाठी. 2019 साली त्यांना स्टर्लिंग पारितोषिक मिळालं. इमारतींसाठी या देशात त्याहून मोठा मान नाही. नगरपालिकेच्या चाळीला! तुम्ही सोबत असायला हवे होतात, तासभर तिथून हलला नसतात. भिंतींची जाडी सहाशे मिलिमीटरच्या वर. मी टेप काढणार होते, पण यांनी हात धरला. सहाशे म्हणजे दोन फूट! आपल्या वाड्याचीच भिंत की ती. आपली उन्हाळा बाहेर ठेवते, ही हिवाळा. घरं दक्षिणेकडे तोंड करून उभी आहेत आणि छपरांचा उतार असा बेतलाय की पुढच्या ओळीची सावली मागच्या ओळीवर पडू नये. कसोटी जर्मनीची: घर उबदार ठेवायला वर्षाकाठी चौरस मीटरला 15 युनिट, त्यावर नाही.

आणि टपालाची पेटी? दारात नाहीच! बाहेरच्या पोर्चमध्ये बसवलीय, दारातून वारा शिरू नये म्हणून. मी तिच्यासमोर बराच वेळ उभी राहिले. आमच्या बोळ्यावरचा उपाय कोणा वास्तुकाराने कागदावर काढला होता, कोणा कारकुनाने मंजूर केला होता, आणि पोस्टमनलाही तो चालत होता. हे म्हणाले, "चल आता, लोक बघतायत."

माझं म्हणणं एवढंच: स्वतःची घरं बांधताना ज्यांनी पत्रपेटीचासुद्धा विचार केला, त्यांच्याच शहरात भाड्याच्या घराला ईवर पास करणं लाजिरवाणं आहे. नियम लंडनहून येतो, हे मला कळतं. थंडीला कळत नाही.

दादा वाडा पाडून बिल्डरला द्यायचं म्हणतोय, असं आईने फोनवर सांगितलं. त्या नव्या इमारतीत सहा इंची भिंत आणि पश्चिमेला मोठी काच असणार, मग एप्रिलपासून एसी लावा. मी मे महिन्यात येतेय, तोवर त्याला सहीपासून लांब ठेवा. माजघराची भिंत नेमकी किती भरते ते टेप लावून कळवा. आणि आईला म्हणावं, लुगड्याचे आणखी दोन तुकडे पाठव. पोस्टमन बदललाय, नवा फार जोरात ढकलतो.

तुमची,
सुमी