बॉनेटखालचे जोशीबुवा

फ्लोरिडातल्या किसिमी गावात दर जानेवारीला मेकम कंपनीचा जुन्या मोटारींचा लिलाव भरतो. दीड-दोन आठवड्यांत हजारो गाड्या मंचावरून सरकतात. तंबूत एखादी लालचुटूक शेव्हेल उभी असली की माणसं तिच्यापुढे फोटो काढतात, आत डोकावतात, ‘आमच्या बाबांकडे अशीच होती’ म्हणून उसासा टाकतात. एक गृहस्थ मात्र गाडीच्या रूपाकडे बघतही नाही. तो सरळ जमिनीवर आडवा होतो आणि गाडीखाली नाहीसा होतो. बाहेर उरतात ते दोन बूट आणि मधूनच ऐकू येणारा एक ‘हं’.

हा ‘हं’ महागात पडतो. मालक शेजारीच घडीच्या खुर्चीत बसलेला असतो. पहिल्या ‘हं’ला तो कॉफीचा पेला खाली ठेवतो, दुसऱ्याला उठून उभा राहतो. तिसरा ऐकू आला की त्याला अचानक कोणाचा तरी फोन येतो.

हा मनुष्य ओहायोत सापडतो, पेनसिल्व्हेनियात सापडतो, इलिनॉयमध्ये तर गल्लोगल्ली. वय सत्तरीच्या अलीकडे-पलीकडे. डोक्यावर स्पार्कप्लगची जाहिरात करणारी टोपी, गळ्यात दोरीला टांगलेला चष्मा, एका खिशात बॅटरी, दुसऱ्यात दातांच्या डॉक्टरकडे असतो तसला लांब दांडीचा आरसा आणि तिसऱ्यात मऊ फडक्यात गुंडाळलेलं लोहचुंबक. चुंबक गाडीच्या अंगावरून फिरवायचं. जिथे ते चिकटायला नाही म्हणेल तिथे पत्रा सडलेला आहे आणि वर लांबी भरून रंग दिलेला आहे. तिकडच्या बोलीत अशा माणसाला ‘नंबर्स गाय’ म्हणतात. देवनागरीत लिहिलं की उगीच शिंगं फुटतात, म्हणून आपण त्याला जोशीबुवा म्हणू. तसंही पत्रिका जुळते की नाही, एवढंच तो पाहतो.

कोणाची पत्रिका, ते आधी सांगायला हवं. १९६४ साली पॉन्टिअॅकने मध्यम आकाराच्या घरगुती गाडीत आपलं मोठं इंजिन बसवून तिला जीटीओ नाव दिलं आणि मसल कारचं युग सुरू झालं. पोरांना वेग हवा होता, कंपन्यांना पोरं हवी होती. सात-आठ वर्षांत विम्याच्या हप्त्यांनी आणि धुराच्या नियमांनी हा खेळ आटोपला. पण त्या काळात कंपन्यांनी करून ठेवलेला एक घोळ जोशीबुवांना आजवर पुरला आहे. वरून एकसारख्या दिसणाऱ्या दोन गाड्यांतली एक आजीला भाजी आणायला दिलेली असे आणि दुसरी नातवाला पोलिसांच्या पुढे पळायला. फरक असे तो बॉनेटखाली. आज तो फरक किमतीत कैक पटींचा झाला आहे आणि आजीच्या गाडीला नातवाचे कपडे चढवणं फारसं अवघड नाही.

याबाबतीत क्रायस्लरवाल्यांचं बरं. त्यांच्या गाडीच्या क्रमांकातलं पाचवं अक्षर इंजिनाचं. १९७०-७१च्या गाडीवर तिथे ‘आर’ असेल तर आत ४२६ हेमी. गाडीच्या जातीचा दाखला तिच्या नावातच. शेव्हरोलेचं तसं नाही. १९६६ ते ६८पर्यंतच्या एसएस शेव्हेलचा क्रमांक १३८ने सुरू होई, म्हणजे गाडी आपली जात स्वतः सांगे. १९६९पासून एसएस ही नुसती यादीतली जादा वस्तू झाली. त्यामुळे एकाहत्तर सालापर्यंत साधी मालिबू कूपे आणि आग ओकणारी एसएस या दोघींच्याही क्रमांकाची सुरुवात सारखीच, १३६३७. अमेरिकेत विकलेल्या कुठल्या शेव्हरोलेत काय बसवलं होतं, याच्या गाडीगणिक नोंदीही कंपनीने जपल्या नाहीत. कॅनडात विकलेल्यांच्या मात्र जपल्या. म्हणून एखादी गाडी मूळची कॅनडातली निघाली की जोशीबुवांचा चेहरा स्थळ ओळखीतलं निघाल्यासारखा खुलतो.

नोंदी नसल्या की उरतो तो लोखंडाचा पुरावा, आणि तिथेच बुवांची विद्या फळते. शेव्हरोलेच्या व्ही-एट इंजिनावर पुढे उजव्या बाजूला एक छोटीशी सपाट जागा असते. ती फडक्याने पुसली की दोन ओळी दिसतात. एकीत इंजिन कुठे नि कधी जुळवलं आणि कुठल्या प्रकारचं ते, दुसरीत गाडीच्या क्रमांकाचा तुकडा. हा तुकडा डॅशबोर्डावरच्या पट्टीशी जुळला पाहिजे. मग ब्लॉक ओतल्याची तारीख. ती साच्यातच उमटलेली असते, ए म्हणजे जानेवारी, एल म्हणजे डिसेंबर. ही तारीख गाडी तयार झाल्याच्या आठवड्याच्या आधीची हवी, पण फार आधीची नको. नंतरची निघाली तर लग्न आधी आणि मुंज मागाहून, असा प्रकार. गिअरबॉक्स, कार्ब्युरेटर, अल्टरनेटर, प्रत्येकाची जन्मवेळ बुवा टिपून घेतात. छत्तीसपैकी छत्तीस गुण जुळले तर त्यांना जास्तच संशय येतो.

तो संशय वाजवी असतो. जुने आकडे घासून नवे ठोकणारे कारागीर याच देशात आहेत. मात्र कारखान्यात ती जागा सपाट करताना यंत्राच्या पात्याने समांतर बारीक रेघा सोडलेल्या असतात, आणि घासणारा त्या रेघाही घालवून बसतो. पैठणीची उलटी बाजू बघून तिची खरी किंमत सांगणारी एखादी आजी असते ना, तसे बुवा आकडे सोडून रेघा बघतात. आकडे स्वच्छ आणि रेघा गायब असल्या तर ‘हं’. पुढे ही गोष्ट बुवांच्या मंडळींनी चारचौघांत इतकी सविस्तर समजावून सांगितली की कारागीर रेघाही ओढायला शिकले. तेव्हापासून बुवा रेघांचा कोन बघतात. कोन बघतो हे सांगताना ते आता आजूबाजूला नजर टाकून घेतात.

कागदाचं त्यांना व्यसनच. कारखान्यात प्रत्येक गाडीसोबत एक कागद फिरायचा. तिला काय काय बसवायचं, ते कामगारांना कळावं म्हणून. काम झालं की तो कोणीतरी आसनाच्या स्प्रिंगांत खोचायचा किंवा पेट्रोलच्या टाकीवर ठेवून टाकी वर चढवायचा. आज तोच कागद, उंदरांनी तीन बाजूंनी कुरतडलेला, चौकटीत बसवून गाडीशेजारी मांडतात. पण शुक्रवारची पाळी सुटायच्या घाईत कामगाराने शेजारच्या गाडीचा कागदही खोचलेला असू शकतो. तेव्हा कागदही बुवा आधी पत्रिकेशी जुळवतात, उंदरांवर मात्र विश्वास ठेवतात.

लिलावातल्या गाडीच्या काचेवर एक माहितीपत्रक लावलेलं असतं, आणि त्यातली भाषा वाचावी ती बुवांकडूनच. विवाहविषयक जाहिरातींत ‘स्वभावाने थोडा मानी’ याचा जो अर्थ असतो, तशा जातीची ही भाषा. ‘ट्रिब्यूट’ म्हणजे वंदना, म्हणजेच नक्कल. ‘झेड-ट्वेंटीएटच्या धर्तीवर सजवलेली’ म्हणजे झेड-ट्वेंटीएट नव्हे. ‘त्या काळातलं योग्य इंजिन’ म्हणजे हिचं नव्हे, दुसरीचं. ‘मूळचं असल्याचं मानलं जातं’ इथे मानणारा कोण ते दिलेलं नसतं. आणि ‘जुळणारे नंबर’ एवढंच लिहिलेलं असेल तर बुवा मालकाला अदबीने विचारतात, ‘कशाशी?’

फोर्डवाल्यांसमोर मात्र त्यांचं फारसं चालत नाही. केविन मार्टी या गृहस्थांनी फोर्डकडून उत्पादनाच्या नोंदींचा हक्क मिळवला आहे. १९६७ आणि पुढच्या मस्टॅंगचा क्रमांक कळवला की कारखान्याने तिला कोणता रंग आणि कोणतं इंजिन दिलं, याचा अहवाल ते देतात. जिथे संगणक सगळं सांगतो तिथे गाडीखाली झोपण्यात काय मजा, असं बुवांना मनातून वाटत असावं.

तरीही फोर्डच्याच एका गाडीपुढे ते टोपी काढतात. ‘बुलिट’ या १९६८च्या चित्रपटात स्टीव्ह मॅक्क्वीनने सॅन फ्रान्सिस्कोच्या चढउतारांवर उडवलेली गर्द हिरवी मस्टॅंग. चित्रीकरणासाठी दोन होत्या, क्रमांक लागोपाठचे, शेवट ५५८ आणि ५५९. पहिली आदळआपट सोसून मेक्सिकोत गेली आणि २०१७मध्ये तिथेच सापडली. दुसरी १९७४ साली न्यू जर्सीच्या किअर्नन कुटुंबाने सहा हजार डॉलरला घेतली, आणि घरच्या बाई शाळेत शिकवायला जाताना ती न्यायच्या. १९७७मध्ये मॅक्क्वीनने स्वतः पत्र लिहून गाडी परत मागितली. कुटुंबाने दिली नाही. क्लच गेल्यावर ती घरीच पडून राहिली. मार्टींनी खातरजमा केली तेव्हा तिच्या पोटाखाली कॅमेरे बसवण्यासाठी जोडलेले तुकडे अजून होते. रंग उडालेला, गंज चढलेला, आसनं फाटलेली. २०२०च्या जानेवारीत याच किसिमीत हातोडा पडला ३४ लाख डॉलरवर, शुल्क धरून ३७ लाख ४० हजार. कोणी उत्साहाने तिला आधीच चकचकीत रंगवलं असतं तर बुवांना हृदयविकाराचा झटका आला असता, आणि विकणाऱ्याला त्याहून मोठा.

किमतींचं हे गणित बाहेरच्या माणसाला पटत नाही. १९७१च्या प्लिमथ कूडात हेमी इंजिन घालायला आठशेहून अधिक डॉलर जादा पडत. उघड्या टपाची गाडी अशा इंजिनासह घेणारे सगळ्या जगात ११ जण निघाले. बाकीच्यांना ते पैसे वाया घालवणं वाटलं. त्या अकरांतली एक २०१४मध्ये मेकमच्या सिअॅटलच्या लिलावात ३५ लाख डॉलरला गेली. २०२१मध्ये इंडियानापोलिसला दुसऱ्या एकीवर ४८ लाखांची बोली आली, तरी मालकाने नाही म्हटलं. बुवा त्या मालकाला दोष देत नाहीत. ‘वाट बघितलेली बरी’, एवढंच बोलतात. स्वतःकडे विकायला काही नसलेल्या माणसाचा हा सल्ला असतो.

स्वतःचं म्हणून त्यांच्याकडे एकच आहे, १९६९ची शेव्हेल. तिचा क्रमांक १३६३७ने सुरू होतो. विशीत असताना तिचं ३९६ इंजिन त्यांनीच एका रात्री गावाबाहेरच्या सरळ रस्त्यावर, शेजारच्या पोराच्या कॅमारोशी शर्यत लावून फोडलं. ब्लॉकच्या बाजूला हात जाईल एवढं भोक पडलं. दुसऱ्या दिवशी त्यांनी ते धूड भंगारवाल्याला दिलं आणि कुठल्याशा मोडक्या इम्पालाचं इंजिन आणून बसवलं. ती गाडी खरी एसएस होती, हे सांगणारं लोखंड तेवढंच होतं. कागद आसनात नव्हता, टाकीवरही नव्हता. आता त्यांच्याच कसोटीवर त्यांची गाडी आजीची ठरते.

म्हणून ऑक्टोबरात पेनसिल्व्हेनियातल्या हर्शीला जुन्या सुट्या भागांचा बाजार भरला की ते पहाटेच जातात. ताडपत्रीवर, ट्रकांच्या फळ्यांवर गंजलेले ब्लॉक मांडलेले असतात. प्रत्येकापुढे ते गुडघे टेकतात, खिशातलं फडकं काढतात, पुढची उजवी बाजू पुसतात. विकणारा विचारतो, ‘कसलं हवंय?’ बुवा आधी बाजूला बघतात, कुठे वेल्डिंगने बुजवलेलं भोक दिसतं का ते. मग म्हणतात, ‘काही नाही, सहज बघतोय’, आणि पुढच्या ताडपत्रीकडे सरकतात.