साडेपाच तासांची अमेरिका

फुलसावंगीहून न्यू जर्सीला लेकाकडे निघालेल्या आजोबांनी विमानाचं तिकीट स्वतः वाचलं आणि तिथंच घोटाळा झाला. मुंबईहून सुटणार रात्री 2 वाजता, न्यूयॉर्कच्या केनेडी विमानतळावर उतरणार सकाळी साडेसातला. तारीख तीच.

"साडेपाच तासात अमेरिका? आन् आपली एस्टी नागपूरले सात तास घेते!"

एसटीची बाजू घ्यायची तर मधे महागाव, आर्णी, यवतमाळ, वर्धा अशी माणसं भरणारी गावं आहेत. यवतमाळलाही विमानतळ आहे म्हणा, पण प्रवासी विमानांचं वेळापत्रक नाही. म्हणून आधी अडीचशे किलोमीटर नागपूर, मग मुंबई, मग जग.

आजोबांनी लग्नपत्रिकेच्या पाठीवर हिशेब मांडला. मुंबई ते न्यूयॉर्क सुमारे 12,500 किलोमीटर, भागिले साडेपाच. ताशी सव्वादोन हजारांच्या वर! कॉन्कॉर्ड विमानसुद्धा ताशी 2,180च्या आसपासच उडायचं आणि तेही 2003 साली बंद पडलं. लंडनहून न्यूयॉर्कला ते साडेतीन तासांत जाई आणि तिथलं घड्याळ पाच तास मागे. म्हणजे साडेदहाला निघालेला माणूस नऊला पोचायचा! फुलसावंगीच्या स्टँडवर हे कुणाला सांगितलं असतं तर लोकांनी आधी त्याला सावलीत बसवलं असतं.

नातवानं घोळ निस्तरला. हिवाळ्यात न्यूयॉर्क आपल्या साडेदहा तास मागे असतं, ते मिळवले की प्रवास होतो सोळा तासांचा. आजोबांचा चेहरा पडला.

पुढची शंका नकाशाची होती. भिंतीवरच्या नकाशात मुंबईतून रेघ ओढली तर ती अरबस्तान, उत्तर आफ्रिका, अटलांटिक अशी जाते. मग सगळ्यात जवळची वाट वर ग्रीनलंडकडून कशी? नातवानं संत्रं आणलं, टाचणीनं मुंबई आणि न्यूयॉर्क टोचले आणि उपरण्याचा दोरा ताणून धरला. दोरा आपसूक वर, देठाकडे सरकला. विमानं शक्यतो हीच वाट धरतात; मधे कुणाचं आकाश बंद असलं की वळसा. आजोबांनी दोरा दोनदा खाली ओढून पाहिला, तो दोन्ही वेळा सैल पडला. मग त्यांनी अमेरिकेसकट संत्रं सोलून खाल्लं.

येताना मात्र चौदा-साडेचौदा तासच. दहा-अकरा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेला जोराचा वारा वाहतो, तो पाठीशी लागतो. याच वाऱ्यावर फेब्रुवारी 2020 मध्ये एक जंबो जेट न्यूयॉर्कहून लंडनला 4 तास 56 मिनिटांत पोचलं होतं. हे आजोबांना चटकन पटलं. माहूरच्या वाटेवर त्यांनी जन्मभर सायकल हाकली होती. वारा तोंडावर असला की काय होतं ते त्यांच्या गुडघ्यांना ठाऊक होतं.

एवढं समजूनही मनगटावरच्या घड्याळाला त्यांनी हात लावू दिला नाही. न्यू जर्सीतल्या दुसऱ्याच रात्री तीन वाजता स्वयंपाकघरात दिवा लागला. सून धावत आली.

"बाबा, बरं वाटत नाही का?"

"बरं हाय ना माय. दीड वाजला. जेवाले बसाचं नाही काय?"