मामलेदारांचा मुंबई दौरा

रेल्वेच्या दप्तरी कुत्रा हा प्रवासी नसून सामान असतो, ही गोष्ट ज्याने कधी कुत्र्यासह प्रवास केलेला नाही त्याला ठाऊक असण्याचे कारण नाही. पहिल्या वर्गाचा बंद कक्ष सबंधच्या सबंध आपल्या नावावर राखून घेण्याची ऐपत असेल, तर श्वान आपल्या धन्याच्या पायाशी बसून सुखाने जाऊ शकतो. ती ऐपत नसेल, तर श्वानाने गाडीच्या टोकाला गार्डाच्या डब्यातील जाळीच्या पेटीत बसावे आणि धन्याने आपल्या जागी बसून विरहाचे चिंतन करावे, अशी एकंदर व्यवस्था आहे. आकारणीची पद्धत तर अधिकच रम्य. पेटीतून जाणारा कुत्रा प्रत्यक्षात कितीही किरकोळ अंगाचा असला, तरी त्याचे वजन तीस किलो मानण्यात येते. सरकारदरबारी आपल्या खऱ्या वजनाहून अधिक वजन असणे हे भाग्य मनुष्यांपैकी फार थोड्यांना, आणि तेही पुष्कळ खटपटीअंती लाभते; कुत्र्याला ते नियमाने लाभते.

ज्या कुत्र्यामुळे मला हे ज्ञान प्राप्त झाले त्याचे नाव मामलेदार. वाईस गंगापुरीच्या घाटावर सकाळी ऊन पडले की एका ठरावीक पायरीवर येऊन बसायचे, स्नानासंध्येला आलेल्या प्रत्येकाचे गाऱ्हाणे डोळे अर्धवट मिटून ऐकून घ्यायचे, मध्येच संमतीदर्शक मान डोलवायची आणि निकाल मात्र कोणत्याच बाजूने द्यायचा नाही, या त्याच्या शिरस्त्यावरून गावाने त्याला ही पदवी बहाल केली होती. वंशाविषयी बोलावे तर पितृकुल अज्ञात आणि मातृकुल संशयित. अंग काळे, छाती पांढरी, आणि दोन्ही डोळ्यांवर एकेक तांबूस ठिपका. या ठिपक्यांची वाईत कोणी कधी दखल घेतली नव्हती, मुंबईने घेतली.

मुंबईस जाण्याचे प्रयोजन मात्र सर्वस्वी कौटुंबिक होते. आमच्या मुलीचे बाळंतपण दादरच्या हिंदू कॉलनीत व्हावयाचे असल्याने आमचे कुटुंब आगाऊ तिकडे रवाना झाले, आणि ज्या दिवशी ते रवाना झाले त्या दिवसापासून मामलेदारांनी अन्नत्याग आरंभिला. मी केलेल्या भाकरीचा त्यांनी एकदा वास घेतला आणि नंतर माझ्याकडे अशा काही कणवेने पाहिले की तो विषय मी पुन्हा काढला नाही. शेजाऱ्यांकडे ठेवावे तर दोन्ही बाजूंच्या शेजाऱ्यांच्या कुत्र्यांशी त्यांचे पूर्वापार दावे चालू. अखेर भाजी घेऊन पुण्यास निघालेल्या एका टेम्पोत मी, मामलेदार आणि घेवड्याची पोती असे स्थानापन्न झालो.

पुणे स्थानकाच्या पार्सल कचेरीतील कारकून हा वयस्क, शांत आणि कर्तव्यदक्ष इसम होता. त्याने रीतसर प्रश्न विचारण्यास आरंभ केला.

"जनावराचं नाव?"

"मामलेदार."

त्याने चष्म्यावरून माझ्याकडे पाहिले. "तुमचा हुद्दा नाही विचारला, काका. कुत्र्याचं नाव विचारलं."

"तेच सांगतोय."

त्याने काउंटरवरून वाकून खाली पाहिले. मामलेदारांनी नेहमीप्रमाणे डोळे अर्धवट मिटले आणि मान डोलवली. त्यासरशी या गृहस्थाच्या मनातील कोणती जुनी प्रकरणे जागी झाली कोण जाणे, टोचल्याचा दाखला न्याहाळता न्याहाळता तो बराच वेळ स्वतःशी हसत राहिला आणि मग ठळक अक्षरांत "मामलेदार, रंग काळा, नग एक" असे लिहून, शिक्का मारून, पावती माझ्या हाती देताना म्हणाला, "तीस वर्षांच्या नोकरीत मामलेदाराला पेटीत घालायची संधी पहिल्यांदाच आली."

प्रत्येक स्थानकावर गाडी थांबताच मी आपल्या डब्यातून उतरून गाडीच्या शेपटाकडे धावत सुटे आणि शिटी होताच उलट धावत येई. पाणी पाजणे, खाऊ घालणे ही धन्याची जबाबदारी असल्याचे नियमात स्पष्ट असल्यामुळे या धावपळीस कायद्याचा आधार होता. परंतु माझ्या शेजारच्या बाकावरील बाईंना तो ठाऊक नसल्याने, मला मधुमेहाचा विकार असून गाडीतील संडासाची किळस येत असावी, असे अनुमान त्यांनी काढले व मोठ्या सहानुभूतीने कारल्याच्या रसाची कृती मला सांगितली. घाट उतरताना ब्रेकांच्या परीक्षेसाठी गाडीला मंकी हिलवर थांबावे लागते. तेथे गाडीतून उतरण्याची सोय नाही. पण पुढे कर्जतला गार्डसाहेबांकडून जो वृत्तांत कळला तो असा, की रुळांलगत बसलेल्या माकडांचे एक सबंध शिष्टमंडळ मामलेदारांच्या दर्शनास डब्याच्या दाराशी आले होते, त्यांच्या पुढाऱ्याने दात विचकून काही निवेदन केले, आणि मामलेदारांनी डोळे मिटून ते ऐकून घेतले. "भुंकला नाही हो," गार्डसाहेब नवलाने म्हणाले. मला नवल वाटले नाही. कर्जतच्या फलाटावर वडे घेतले. दोन मी खाल्ले. एक मामलेदारांपुढे धरला मात्र, तो दिसेनासा झाला. इतक्या दिवसांचे उपोषण त्यांनी बटाट्याच्या वड्यावर सोडावे आणि माझ्या भाकरीवर सोडू नये, हे मी मनाला लावून घेतले नाही असे म्हणवत नाही.

गाडी दादरला थांबते. परंतु त्या अवधीत पार्सलाचा डबा उघडून पेटीतील ऐवज ताब्यात घेणे दुरापास्त, म्हणून थेट छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसपर्यंत गेलो. फ्रेडरिक विल्यम स्टीव्हन्स या वास्तुशास्त्रज्ञाने एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात उभारलेल्या या प्रासादाच्या प्रवेशद्वारी दोन दगडी स्तंभ असून एकावर सिंह व दुसऱ्यावर वाघ बसविलेला आहे. सिंह हा इंग्लंडचा प्रतिनिधी आणि वाघ हिंदुस्थानचा. मी मामलेदारांस हा इतिहास समजावून देण्याच्या बेतात होतो. त्यांनी दोन्ही स्तंभांचे यथासांग अवघ्राण केले, क्षणभर विचार केला, आणि दिवसभर पेटीत तुंबलेला निकाल तेथेच सिंहाच्या पायथ्याशी देऊन टाकला. निकालाच्या राष्ट्रीय आशयाबद्दल मला अभिमान वाटला, पण जवळच पोलीस उभा असल्याने तो प्रकट केला नाही.

यानंतर टॅक्सीचे प्रकरण. रांगेतील पहिल्या सारथ्याने कुत्रा पाहून "काटता है क्या?" असे विचारले. मी नाही म्हणालो. दुसऱ्याने "गीला करेगा?" असे विचारले, एवढ्यात केले आहे, असे मी सत्य ते सांगितले, तरीही त्याचे समाधान झाले नाही. तिसऱ्याने काहीही न विचारता दार उघडले आणि म्हणाला, "परेल?" मी चमकलो. मग ध्यानात आले, की हातात वळकटी आणि दोरीला कुत्रा असा गावंढळ मनुष्य स्थानकाबाहेर दिसला, म्हणजे तो परेलच्या जनावरांच्या इस्पितळातच जाणार, हे या अनुभवी माणसाने गृहीत धरले होते. गिरणीमालक दिनशा माणेकजी पेटिट यांनी आपल्या पत्नी साकरबाई यांच्या नावे उभे केलेले ते इस्पितळ १८८३ पासूनचे. घोडा, बैल, म्हैस, कुत्रा, मांजर असा कोणताही मुका जीव तेथे नेता येतो. "बीमार नहीं है," मी म्हणालो. टॅक्सीवाल्याने आरशातून मामलेदारांच्या अर्धोन्मीलित नेत्रांकडे पाहिले आणि "देख लो," एवढेच म्हणून भायखळ्याच्या दिशेने गाडी हाकली. लालबाग मागे टाकून परेलपाशी आल्यावर त्याने वेग कमी करून माझ्याकडे वळून पाहिले, एक अखेरची संधी म्हणून.

हिंदू कॉलनीतील ज्या इमारतीत आमची मुलगी राहते, तेथील लिफ्टच्या दारावर मनाई असलेल्या गोष्टींची एक यादी लावली होती, आणि तीत पाळीव प्राण्यांचा क्रमांक फेरीवाल्यांच्याही वर होता. आमचे जावई कायद्याचे अभ्यासक. भारतीय पशुकल्याण मंडळाने २०१५ साली परिपत्रक काढून, गृहनिर्माण संस्थांना पाळीव जनावरांवर बंदी घालता येत नाही व त्यांना लिफ्टचा वापरही नाकारता येत नाही, असे स्पष्ट केले असल्याचे त्यांनी सेक्रेटरींच्या निदर्शनास आणले. सेक्रेटरींनी परिपत्रकाची प्रत मागितली. जावयांनी प्रत दिली. सेक्रेटरींनी ती कमिटीपुढे ठेवण्याचे आश्वासन दिले, आणि कमिटीची सभा पुढील महिन्यात असल्याचेही सांगितले. तोवर मामलेदारांनी चार मजले जिन्याने चढावे-उतरावे, आणि कुत्रा एकटा चढत नसल्यामुळे त्यांच्यासमवेत मीही, असा त्याचा व्यावहारिक अर्थ होता.

येथे आमचे कुटुंब पुढे सरसावले. सेक्रेटरींच्या कचेरीत भिंतीवर दत्तात्रेयांची तसबीर होती; रोज ताजा हार, उदबत्ती, सर्व यथासांग. कुटुंबाने तसबिरीला नमस्कार केला आणि अत्यंत सौम्य स्वरात विचारले, "भाऊ, महाराजांच्या पायाशी हे चौघं कोण बसलेत हो?"

सेक्रेटरी म्हणाले, "वहिनी, ते चार वेद आहेत."

"असतील. पण रूप कुणाचं घेतलंय?"

सेक्रेटरी काही बोलले नाहीत. त्याच सायंकाळी लिफ्टच्या दारावरील यादीवर, पाळीव प्राण्यांच्या ओळीपुरता, पांढरा कागद चिकटविलेला आढळला. चार वेद आणि एक परिपत्रक यांपैकी कोणाचा प्रभाव पडला याबद्दल जावई व सासूबाई यांच्यात मतभेद आहे, आणि मी त्यात मामलेदारांचेच धोरण स्वीकारले आहे.

मुंबईचा रस्ता मनुष्याला एक आणि अखंड दिसतो. कुत्र्याला तसा दिसत नाही. त्याच्या दृष्टीने या नगरीत प्रत्येक गल्ली हे स्वतंत्र संस्थान असून त्याच्या सरहद्दी विजेच्या खांबांवर नोंदलेल्या आहेत, आणि प्रत्येक नाक्यावर दोनतीन सरदार तैनात असून परवान्याखेरीज कोणास पुढे सोडीत नाहीत. पहिल्या दिवशी कोपऱ्यावरच्या दुधाच्या केंद्रापर्यंत जाण्यास आम्हांला अर्धा तास लागला. परंतु परमुलखातून निःशस्त्र जाण्याची विद्या मामलेदारांना चांगली अवगत असावी: ते मध्येच थांबत, शेपूट ना वर ना खाली अशा तटस्थ अवस्थेत ठेवीत, समोरच्या पक्षास संपूर्ण तपासणी करू देत, आणि तपासणी करणारा कंटाळला म्हणजे शांतपणे मार्गस्थ होत. आठवडा संपण्याच्या आत फाइव्ह गार्डन्सपर्यंतच्या सर्व संस्थानांशी त्यांचे तहनामे पुरे झाले होते.

हिंदू कॉलनी आणि पारशी कॉलनी यांमध्ये एका वळणाचेच अंतर आहे. फाइव्ह गार्डन्समध्ये संध्याकाळी एका बाकावर काळी मखमली टोपी घातलेले अतिवृद्ध पारशी गृहस्थ बसलेले असत. मामलेदारांना पाहताच ते काठीवर भार देऊन उभे राहिले आणि म्हणाले, "अरे, आ तो चार आंखवाळो छे!" त्या दोन तांबूस ठिपक्यांची ही पहिली सरकारी मोजणी. पारशी धर्मात मृताचे दर्शन कुत्र्याला घडविण्याचा सगदीद नामक विधी असून, डोळ्यांवर असे दोन ठिपके असलेला चतुर्नेत्र श्वान त्या कामी श्रेष्ठ मानतात, हे मी वाचले होते. म्हणूनच हे नव्वदीच्या घरातील गृहस्थ मामलेदारांकडे ज्या पसंतीने पाहू लागले ती पाहून मी अंमळ अस्वस्थ झालो. ते त्यांच्या लक्षात आले. काठी हलवून हसत म्हणाले, "हजु वार छे, दीकरा! गभराव नहीं!"

कुत्र्यांसाठी आमच्या लोकांनी सरकारशी लढाई केली आहे, हे त्यांनी मला दुसऱ्याच वाक्यात सांगितले, आणि ते खरेही आहे. १८३२ साली कंपनी सरकारच्या अमलात मोकाट कुत्री मारणाऱ्यास दर कुत्र्यामागे आठ आणे बक्षीस होते. आठ आण्यांच्या लोभाने शिपाई पाळीव कुत्र्यांवरही हात टाकू लागले, तेव्हा ६ जून रोजी, ऐन पारशांच्या सणाच्या दिवशी, फोर्टात दंगल उसळली. दुसऱ्या दिवशी हरताळ पडला. त्यात हिंदू, जैन, मुसलमान सगळेच सामील झाले. फौजेची रसदसुद्धा अडविण्यात आली, आणि गोऱ्या शिपायांवर पावाविना बसण्याची पाळी आली. फौज रस्त्यावर आणून बंदोबस्त झाला, पण पुढे कुत्री मारण्याऐवजी शहराबाहेर नेऊन सोडावीत, असा हुकूम काढणे सरकारला भाग पडले. दोनच वर्षांनी, १८३४ मध्ये, शेठ मोतीशा आणि जमशेटजी जीजीभाई यांच्या पुढाकाराने भुलेश्वरचा पांजरापोळ स्थापन झाला. हा सर्व वृत्तांत म्हाताऱ्या गृहस्थांनी काल घडल्याप्रमाणे सांगितला. ऐकताना मामलेदारांनी प्रथमच दोन्ही डोळे पूर्ण उघडे ठेवले होते. गृहस्थांच्या डगल्याच्या खिशात मावा केक होता, हेही नमूद केले पाहिजे.

आता खरा चमत्कार सांगतो. या शहरात मी तरुणपणापासून जातयेत आलो आहे. पण बाजूला सरकण्याविषयीची आज्ञा वगळता कोणा अनोळखी माणसाने मला उद्देशून एक शब्द उच्चारल्याचे स्मरत नाही. आणि आता मामलेदारांच्या दोरीच्या दुसऱ्या टोकाला मी असल्याचे पाहून शाळकरी मुले, भाजीवाल्या मावश्या, बँकेतून परतणारे गंभीर अधिकारी आणि कानांत यंत्रे खुपसून धावणाऱ्या तरुणी असे सर्वजण थांबू लागले. प्रश्न अर्थातच मामलेदारांसंबंधी: नाव काय, जात कोणती, खातो काय. "जात?" मी म्हणे, "वाईकर." काहींनी ते लिहून घेतले. एका बाईंनी तर, वाईकर कुठे मिळतो आणि पिल्लाला काय पडतं, असे विचारले. श्वानप्रेमी मंडळींत कुत्र्याची नावे पाठ असतात आणि माणसांची नसतात. "ब्रूनोचे बाबा," "कोकोची आई" अशी त्यांची परस्परांस हाक असते. नातीच्या बारशाच्या गडबडीत, वाई नगरवाचनालयाचा माजी कार्यवाह ही माझी ओळख मी दोनदा करून देऊन पाहिली. ती कोणाच्याच ध्यानात राहिली नाही.

नातीच्या बारशाच्या दिवशी पेढे आणण्यासाठी मी आणि मामलेदार बाहेर पडलो होतो. परतलो तेव्हा इमारतीच्या दारावर नवा पहारेकरी बसला होता. त्याने मला अडविले, कोणाकडे जायचे म्हणून विचारले, आणि आतल्या दूरध्वनीवरून वर चौकशी करता करता खाली पाहिले. जुन्या पहारेकऱ्याने काय सूचना देऊन ठेवल्या होत्या त्या त्याला तेव्हा आठवल्या असाव्यात. तो खुर्चीवरून उठला आणि अदबीने म्हणाला, "ताई, मामलेदारसाहेब आलेत. बरोबर एक म्हातारे गृहस्थ आहेत. त्यांनापण सोडू का?"