बाधित होऊ इच्छिणाऱ्यांसाठी प्राथमिक धडे

शीळफाटा ते टिटवाळा या पट्ट्यात तुमच्या नावावर चार गुंठे जरी असले, तरी आज ना उद्या त्यांच्यावरून काहीतरी जाणार हे धरून चालावे. बुलेट ट्रेन म्हातार्डीला थांबणार आहे, समृद्धी महामार्ग आमण्याला येऊन टेकला आहे, विरार-अलिबाग मार्गाची आखणी कल्याण तालुक्यातून गेली आहे आणि कल्याण-शीळ रस्त्याचा जन्म तर रुंद होण्यासाठीच झाला. ‘आपल्याकडे नाय येत’ म्हणणाऱ्या शेजाऱ्याच्या नादी न लागता तयारीला लागा.

तयारीची सुरुवात आजोबांपासून होते. ते वारले असले तरी सातबाऱ्यावर बहुधा अजून हयात असतील. त्यांच्या खाली तीन चुलते, माहेरच्या नावाने एक आत्या, कुणालाच न आठवणारे एक नाव आणि इतर हक्कात सोसायटीचा बोजा. कर्ज कधीच फिटले, बोजा उतरवायचा राहिला. हे सगळे नोटीस येण्याआधी दुरुस्त करावे. वारस नोंद आणि फेरफाराला एरवी जेवढा वेळ लागतो, त्याच्या दुप्पट वेळ नोटीस आल्यावर लागतो, कारण तोवर भावकीतल्या प्रत्येकाला एकेक वकील भेटलेला असतो. मालकीचा वाद उभा राहिला की पैसे तुमच्या खात्यात न येता भूसंपादन प्राधिकरणाकडे जमा होतात आणि तिथे ते तुमच्यापेक्षा सुखात राहतात.

आत्याचे काय करायचे, हा प्रश्न नवशिक्याला हमखास पडतो. प्रचलित पद्धत अशी, की तिला साडी नेसवून, गोडाचे जेवण घालून हक्कसोडपत्रावर अंगठा घ्यायचा. आमचे मत विचाराल तर तिचा हिस्सा तिला द्यावा. मोबदल्याची बातमी आत्येभावाला तुमच्याआधी कळलेली असते.

आता भाव. १८९४ चा इंग्रजी अमदानीतला भूसंपादन कायदा जाऊन १ जानेवारी २०१४ पासून नवा आला आणि कागदावर तरी तो दिलदार आहे. जुन्या कायद्यात बाजारमूल्यावर शेवटी शेवटी ३० टक्के दिलासा रक्कम मिळे, नव्यात १०० टक्के. शिवाय सामाजिक परिणामाच्या अधिसूचनेपासून निवाड्यापर्यंत किंवा ताब्यापर्यंत बाजारमूल्यावर वर्षाला १२ टक्के. निवाड्याच्या रकमेवर प्राप्तिकरही नाही.

ग्यानबाची मेख बाजारमूल्यात आहे. ते काढायला एकीकडे रेडीरेकनर पाहतात, दुसरीकडे आसपासची मागच्या तीन वर्षांतली खरेदीखते. त्यांतली चढ्या भावाची निम्मी निवडून सरासरी काढतात आणि दोन्हींत जे जास्त, ते धरतात. ऐकायला छान. पण ती खरेदीखते कुणी केली? तुम्हीच. मुद्रांक शुल्क वाचावे म्हणून कागदावर तीस लाख दाखवले, वरचे सत्तर थैलीतून घेतले आणि त्यात बंगला बांधला. आता भूसंपादन अधिकारी तुमच्याच सहीचा कागद तुमच्यासमोर धरतो आणि तीस लाख म्हणतो. थैलीची सरासरी काढायची तरतूद कोणत्याही कलमात नाही. म्हणून पुढील तीन वर्षांत ज्याला बाधित व्हायचे आहे, त्याने आपल्या गावातले व्यवहार खऱ्या किमतीला होतील याची काळजी घ्यावी. हा धडा आजवर कुणी वेळेवर शिकलेला नाही.

या मूल्याला पुढे गुणक लागतो: ग्रामीण भागात एक ते दोन, शहरी भागात फक्त एक. एक कोटीची जमीन दिलाशासह शहरात दोन कोटींची होते, खेड्यात चार कोटींपर्यंत जाऊ शकते. तेव्हा बाधित होताना आपण खेड्यात आहोत ना, हे पाहून घ्यावे. कल्याण-डोंबिवलीच्या २७ गावांना हे पाहणे अंमळ अवघड गेले. १९८३ साली ती महापालिकेत घातली, २००२ साली बाहेर काढली, २०१५ साली पुन्हा आत घेतली. नवा कायदाही आहे आणि गावही महापालिकेबाहेर आहे, असा योग जेमतेम दीड वर्ष होता. तो ज्याने साधला, त्याने उरलेल्यांसाठी शिकवणी काढावी.

संयुक्त मोजणीच्या आदल्या रात्री आंब्याची कलमे लावू नयेत. उपग्रहाला रात्रीही दिसते असे नाही, पण मागच्या वर्षीचे चित्र त्याच्याकडे असते.

‘आम्हाला द्यायचीच नाही’ असेही काही जण म्हणतात. हरकती घ्यायला प्राथमिक अधिसूचनेपासून ६० दिवस असतात, त्या जरूर घ्याव्यात. मात्र बुलेट ट्रेनला जाणाऱ्या विक्रोळीच्या जमिनीसाठी गोदरेज अँड बॉयससारखी कंपनी उच्च न्यायालयात लढली आणि फेब्रुवारी २०२३ मध्ये तिची याचिका फेटाळली गेली. सार्वजनिक प्रयोजन अडवणे गोदरेजला जमले नाही. तुम्ही भावावरच भांडा.

जमीन घेतली नाही, नुसते आरक्षण पडले, तर धडा वेगळा. विकास आराखड्यात तुमच्या वावरावर बाग किंवा शाळा रंगवली जाते. बाग होत नाही, तुम्हालाही काही बांधता येत नाही. महापालिका रोख पैसे काढायला नाखूश असते, त्याऐवजी टीडीआर (हस्तांतरणीय विकास हक्क) देऊ करते. म्हणजे हवेतली जमीन. ती बिल्डरला विकायची आणि तिचा भाव तोच सांगणार. नको असेल तर नगररचना कायद्याच्या कलम १२७ प्रमाणे दहा वर्षे थांबावे, मग खरेदीची नोटीस द्यावी, मग आणखी २४ महिने थांबावे. तेवढ्यात संपादनाची पावले पडली नाहीत, तर आरक्षण उठते. नुसता प्रस्ताव वर पाठवणे म्हणजे पाऊल नव्हे, असे सर्वोच्च न्यायालयाने २००७ साली गिरनार ट्रेडर्सच्या खटल्यात सांगितले आहे. त्या बारा वर्षांत वावरावर दुसऱ्याच कुणाची चाळ उभी राहिली, तर तो अभ्यासक्रमाबाहेरचा भाग समजावा.

थांबण्याच्या विषयात पदवी घ्यायची असेल तर नेवाळीला जावे. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिशांनी तिथली दीड हजार एकरांहून अधिक जमीन धावपट्टीसाठी घेतली. युद्ध संपले की परत देऊ असे सांगितले होते, असे तिथले शेतकरी पिढ्यान्‌पिढ्या सांगत आले. युद्ध संपले, इंग्रज गेले, जमीन संरक्षण खात्याकडे राहिली. नौदलाने भिंत बांधायला घेतली, तेव्हा २२ जून २०१७ रोजी रस्त्यावर पोलिसांच्या गाड्या जळाल्या आणि गावकऱ्यांवर गुन्हे दाखल झाले. पंचाहत्तर वर्षे ज्यांचे अर्ज कुणी वाचले नाहीत, त्यांची नावे त्या दिवशी पटापट लिहून घेतली गेली. इथे आम्हाला विनोद सुचत नाही.

शेवटचा धडा सहीचा. थेट खरेदीने दिलीत तर २५ टक्के जादा मिळतात, पण खरेदीखतावर सही केली की भावाचे भांडण संपले. सक्तीच्या संपादनात पैसे उचलताना पावतीवर ‘अंडर प्रोटेस्ट’ असे स्वतःच्या हाताने लिहा. साहेब ‘नंतर बघू’ म्हणाले तरी लिहा. ते नसेल तर नव्या भूसंपादन कायद्याच्या कलम ६४ खाली वाढीव मोबदला मागता येत नाही. निवाड्याच्या वेळी हजर असाल, तर त्या अर्जाला मुदत सहा आठवडे.