वळचणीचं पाणी आढ्याला : छताचा ढाळ काढण्याची शास्त्रशुद्ध रीत

छताचा ढाळ कोणालाही काढता येतो. आमच्या वसमतच्या घराचा ढाळ तसाच, म्हणजे कोणीही काढलेला आहे. २०१३ च्या उन्हाळ्यात स्लॅब पडला, त्यावर कोबा झाला आणि पहिल्या पावसात पाणी पाइपाकडे जायचं सोडून जिन्यापाशी येऊन बसलं. ते अजून बसलेलं आहे. या दीर्घ सहवासातून जे नियम हाती लागले, ते घर बांधू पाहणाऱ्यांच्या कल्याणासाठी पुढे देत आहे.

नियम १. आपलं छत कोणतं, ते आधी ओळखावं.

आपल्याकडे मुख्य छतं तीन. पहिलं माळवद. तुळया, कड्या, फळ्या, वर पाला आणि त्याच्यावर पांढऱ्या मातीचा जाड थर. माळवदाचा ढाळ कोणी मोजून काढल्याचं माझ्या ऐकण्यात नाही. पन्हाळीच्या बाजूला माती जरा कमी टाकायची, पायाने तुडवायची आणि दर मृगाच्या आधी नवी माती चढवायची. चुकलंच तर घरात त्या जागी घमेलं ठेवायचं. आमच्या आजीला माळवदाचा सगळा नकाशा घमेल्यांवरून पाठ होता. अंधारातही ती बरोबर धारेखाली पातेलं सरकवायची.

दुसरं छत पत्र्याचं. इथे सहा फुटाला एक फूट चढ द्यावा. १२ फुटांच्या खोलीला २ फूट चढ दिला, तर तिरपी लांबी १२ फूट २ इंच भरते. म्हणून १२ फुटी पत्रा आणणाऱ्याला दोन इंच आकाश फुकट मिळतं, आणि वळचणीला बाहेर काढायचा भाग तर त्याने धरलेलाच नसतो. स्क्रू नळीच्या उंचवट्यावर मारावा. खोलगटात मारला की आपण पाण्याला स्वतःच्या हाताने भोक पाडून दिलं. आणि पत्रा उडू नये म्हणून वर दगड ठेवू नयेत. २१ मार्च २०२४ च्या सकाळी आमच्या भागात भूकंपाचे धक्के बसले, तेव्हा शेजारच्या नांदेडच्या प्रशासनाला पत्र्यावरचे जड दगड काढून घ्या म्हणून लोकांना सांगावं लागलं.

तिसरं छत स्लॅबचं. ते सपाट असतं, असा समज आहे. खरं दुःख इथून सुरू होतं.

नियम २. एकक एकच धरावं.

आमच्या अण्णांनी पस्तीस वर्षं गणित शिकवलं. ते शेकड्यात बोलतात. मिस्त्री सुतात बोलतो. मी मोबाइलवर अंशात बघतो. शंभराला एक, फुटाला एक सूत आणि शून्य पूर्णांक सहा दशांश अंश, या तिन्ही गोष्टी जवळपास एकच आहेत, हे कळायला आम्हाला दोन दिवस आणि अकरा कप चहा लागला. एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. फुटात बारा इंच, म्हणजे शहाण्णव सुतं. शहाण्णवाला एक. अण्णांनी पाटीवर सोडवलेलं गणित मिस्त्रीच्या बोटाच्या पेरावर आधीपासून होतं. अण्णांना हे आवडलं नाही.

नियम ३. गणित करावं, पण ज्याला करायचंय त्याच्यापुरतंच.

कोबा सुरू व्हायच्या आदल्या संध्याकाळी अण्णांनी मिस्त्रीला लीलावतीपासून सुरुवात केली. भास्कराचार्य, ११५० च्या सुमाराचा ग्रंथ, वाऱ्याने मोडलेला ३२ हातांचा वेळू, शेंडा बुंध्यापासून १६ हातांवर टेकला, तर मोडला किती हातांवर? मिस्त्री नम्रपणे ऐकत होता. अण्णा म्हणाले, "हा भुज, ही कोटी, हा कर्ण."

"कोटी कुठून आणता, गुरुजी," मिस्त्री दचकून म्हणाला, "दीड लाखात बसवू की आपण."

(वेळू १२ हातांवर मोडला. ही माहिती वसमतमध्ये अण्णांशिवाय आता फक्त त्या मिस्त्रीकडे असावी.)

पण गणित एका जागी खरंच उपयोगी पडतं, ते सांगतो. आमचा स्लॅब २४ बाय ४०. सगळं पाणी पुढे गल्लीकडे काढायचं, तर चाळीस फुटाला चाळीस सुतं, म्हणजे मागच्या भिंतीपाशी कोबा पाच इंच जास्त. सरासरी अडीच इंच धरला, तरी हा जादा माल दोनशे घनफूट होतो, वजनाने अकरा टनांच्या आसपास. आमच्या गावच्या हिशोबात सांगायचं, तर पन्नास किलोची हळदीची सव्वादोनशे पोती कायमची डोक्यावर ठेवून झोपायचं, तेही धक्के बसणाऱ्या मुलखात. म्हणून दोन पाइप घ्यावेत, एक पुढे, एक मागे, आणि आढं मधोमध धरावं. मग मधे अडीचच इंच लागतात आणि ओझं निम्मं होतं. ही अक्कल मिस्त्रीची. अण्णांनी ती पडताळून पाहिली आणि उत्तर बरोबर आल्यावर स्वतःची म्हणून वहीत उतरवली.

नियम ४. मोबाइल स्लॅबवर ठेवून ढाळ मोजू नये.

मी ठेवला. एका जागी तो अंशभर ढाळ दाखवत होता, उलटा फिरवून ठेवला तर तेवढाच विरुद्ध दिशेला. तासाभराने लक्षात आलं, की मोबाइलच्या पाठीवर कॅमेऱ्याचा दीड-दोन मिलिमीटरचा फुगवटा आहे. सोळा सेंटिमीटरच्या मोबाइलला तेवढा फुगवटा म्हणजे स्लॅबच्या ढाळापेक्षा फोनचाच ढाळ जास्त.

नियम ५. वास्तुशास्त्र जाणणाऱ्या नातेवाइकास कोबा वाळल्यावर बोलवावे.

नियम ६. लेव्हल नळीवर विश्वास ठेवावा. ती धरणाऱ्यावर ठेवू नये.

आता मुख्य विषय. पारदर्शक नळी घ्यायची, पाणी भरायचं, बुडबुडा राहू द्यायचा नाही. एक टोक मधल्या खुणेपाशी, दुसरं मागच्या भिंतीपाशी. दोन्हीकडे पाणी एका पातळीला थांबतं, तिथे पेन्सिलीची खूण. मग मागच्या खुणेपासून अडीच इंच खाली मोजून दोरी ताणायची, झाला ढाळ. इतकं साधं, स्वस्त आणि खरं हत्यार दुसरं नाही. अण्णांचा तर त्यावर देवापेक्षा जास्त विश्वास. मधलं टोक मिस्त्रीने धरलं होतं. मागचं मी.

दोरी ताणल्यावर मिस्त्री उकिडवा बसला, एक डोळा मिटून दोरीकडे बघितलं आणि म्हणाला, "गुरुजी, काही तरी चुकायलंय. मागं उंच दिसायलंय."

अण्णा म्हणाले, "डोळा फसतो. पाणी खोटं बोलत नाही."

यावर मिस्त्री काय बोलणार? त्याने दोरीबरहुकूम कोबा केला. इतका सुबक, की कठड्याच्या कडेच्या गोलाव्यावरून हात फिरवावासा वाटतो. जूनमध्ये मागच्या अर्ध्या स्लॅबचं पाणी मागच्या पाइपाकडे पाठ करून मधे जिन्यापाशी आलं. वळचणीचं पाणी आढ्याला जात नाही म्हणतात. आमच्याकडे येऊन बघावं. कयाधूचं पाणी पैनगंगेला, तिचं वर्धेला, मग प्राणहिता, शेवटी गोदावरी. आमच्या आसनेचं तर जवळच नांदेडला. हिंगोली जिल्ह्यातल्या थेंबा-थेंबाला गोदावरीची वाट ठाऊक आहे. फक्त आमच्या स्लॅबवरच्या नाही. औंढ्याला नामदेवांसाठी देऊळ फिरल्याची कथा आहे, पण आमच्या पाइपासाठी कोण कीर्तन करणार?

नियम ७. शेवटची परीक्षा पाण्यानेच घ्यावी, आणि ती वेळेत घ्यावी.

स्लॅब पडला की त्यावर आळी करून दोन आठवडे पाणी साठवतात. पाणी हटू नये म्हणून तेव्हा आपण रात्री उठून बघतो, आणि पुढचं सगळं आयुष्य ते हटावं म्हणून उठतो. त्याच दिवसांत पट्टी घेऊन प्रत्येक कोपऱ्यात पाणी किती खोल आहे ते मोजावं. कुठे उंच, कुठे सखल, हे नळीशिवाय आणि अण्णांशिवाय कळतं. कोबा झाल्यावर आईने तर नुसता तांब्याभर पाणी ओतून दाखवलं होतं. "इकडंच यायलंय बघा," ती म्हणाली. आम्ही तिला, कोबा अजून ओला आहे, असं सांगितलं. ओल्या कोब्यावर पाणी उलटं वाहतं, असं बहुधा आम्हाला म्हणायचं होतं.

नियम ८. खराटा.

हजार चौरस फुटांवर एक सेंटिमीटर पाऊस पडला तर सव्वानऊशे लिटर पाणी होतं. आमच्या वाट्याला त्यातलं साधारण निम्मं येतं. पाऊस थांबला की अण्णा लुंगी वर खोचून ते खराट्याने पाइपाकडे लोटतात. वयाच्या अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी हे करू नका म्हटलं, तर ऐकत नाहीत. लोटण्याआधी ते स्टीलची पट्टी डबक्यात उभी धरतात, आकडा वहीत लिहितात आणि त्याला स्वतः काढलेल्या एका गुणकाने भागतात. आलेला पाऊस दुसऱ्या दिवशी पेपरातल्या आकड्याशी ताडून बघतात. दोन मिलिमीटरच्या आत जमलं, तर त्या दिवशी चहा दोनदा. कोबा फोडून नवा करू म्हटलं, तर म्हणाले, "मग माझ्या नोंदींचं काय?"

मिस्त्रीचं नाव मात्र निघालं की अजून म्हणतात, "हात चांगला होता, पण कोबा नळीबरहुकूम केला नाही त्याने."

म्हणून नियम सहाची पुरवणी. नळीच्या तोंडावर अंगठा दाबून धरू नये. अंगठा असला की टोक वर उचलल्यावर पाणीही त्याच्याबरोबर वर येतं आणि खूण तीन-चार इंच उंच पडते. अण्णांनी त्या दिवशी, "अंगठा काढ," असं खालून तीनदा ओरडून सांगितलं होतं. मी दुसऱ्या हाताने मोबाइलवर अंश बघत होतो.

अण्णा हाती येणारं प्रत्येक मासिक पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचतात. हे पान कापूनच अंक घरात न्यावा लागेल.